नायट्रोसामाइनला १.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली तर चालेल का?

प्रश्न – टेट्राझोल_क्यूए

एका एपीआयसाठी (औषधातला सक्रिय घटक) जनुकीय बदल घडवणाऱ्या इम्प्युरिटींच्या मर्यादा ठरवायच्या आहेत. रोजचा कमाल डोस ८०० मिग्रॅ, औषध आयुष्यभर घ्यायचं. रूट असा: एका स्टेपला बेन्झाइल क्लोराइड, पुढे डीएमएफ या सॉल्व्हेंटमध्ये सोडियम अझाइड आणि ट्रायइथिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालून टेट्राझोल रिंग, मग त्याच रिअ‍ॅक्टरमध्ये सोडियम नायट्राइट आणि आम्ल घालून उरलेलं अझाइड नष्ट करतात. शिवाय मूळ रेणूत एक दुय्यम अमाइन आहे. सगळ्यांना, नायट्रोसामाइनलाही (अमाइन आणि नायट्राइटपासून बनणारे पदार्थ), टीटीसीचे (इम्प्युरिटीसाठीची सरसकट रोजची मर्यादा) १.५ मायक्रोग्रॅम लावून १.८७५ पीपीएम मर्यादा लिहिली आहे. तीन शंका:
१. हे बरोबर आहे का?
२. मूळ रेणूच्या नायट्रोसो रूपाची एम्स टेस्ट (जिवाणूंत जनुकीय बदल होतात का ते बघणारी चाचणी) निगेटिव्ह आहे. मग ते सोडून द्यायचं का?
३. तीन बॅचमध्ये काहीच सापडलं नाही, तर चाचणी स्पेसिफिकेशनमधून काढता येईल का?

उत्तर – मात्रा_आणि_धोका

नाही. चूक दोन्ही बाजूंनी आहे, एकीकडे उगाच कडक आणि दुसरीकडे धोकादायक ढिली.

टीटीसी हा आकडा कर्करोगाची माहितीच नसलेल्या पदार्थासाठी आहे. बेन्झाइल क्लोराइडची माहिती आहे आणि आयसीएच एम७ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या पुरवणीत त्याला रोज ४१ मायक्रोग्रॅम दिले आहेत. ४१ भागिले ०.८ ग्रॅम, म्हणजे ५१ पीपीएम. (एवढं चालतं म्हणून एवढंच लिहू नका. प्रोसेस २ पीपीएमच्या आत बसत असेल तर ५१ बघून ऑडिटर भुवया उंचावणारच.)

नायट्रोसामाइन मात्र एम७ मध्ये अफ्लाटॉक्सिनसारखे पदार्थ आणि अल्किल-अझॉक्सी संयुगांच्या पंगतीत बसतात. या तिन्ही गटांना टीटीसी लागूच होत नाही. तिथे टीडी५० वरून हिशोब करायचा. निम्म्या प्राण्यांना गाठी आणणारी ही मात्रा ५०,००० ने भागली की ५० टक्क्यांचा धोका सरळ रेषेत एक लाखात एकावर येतो. मग ५० किलो वजनाने गुणायचं.

एनडीईए (डायइथिलअमाइनचं नायट्रोसामाइन): टीडी५० ०.०२६५ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणून रोज २६.५ नॅनोग्रॅम. ८०० मिग्रॅ डोसला ०.०३३ पीपीएम.
एनडीएमए (डायमिथिलअमाइनचं नायट्रोसामाइन): टीडी५० ०.०९६, म्हणून ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे ०.१२ पीपीएम.

तुमची १.८७५ ही मर्यादा एनडीईएसाठी जवळजवळ ५७ पट ढिली आहे. दोन्ही सापडले तर प्रत्येकाला आपापली पूर्ण मर्यादा वापरता येत नाही. प्रत्यक्ष मात्रा भागिले मर्यादा असे दोन अपूर्णांक काढा, त्यांची बेरीज १ च्या वर जाता कामा नये.

उत्तर – एस९_हॅमस्टर

दुसऱ्या शंकेबद्दल. आधी रिपोर्टमधली पद्धत वाचा. नायट्रोसामाइन स्वतः निरुपद्रवी असतात, यकृतातल्या एन्झाइमांनी त्यांचं रूपांतर केल्यावर डीएनएला चिकटणारा भाग तयार होतो. प्लेटवर थेट ओतून उंदराच्या १० टक्के एस९ (यकृताचा एन्झाइम असलेला अर्क) वर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तर तिच्यातून फारसं काही कळत नाही. हवं ते असं: उंदीर आणि हॅमस्टर दोघांचं ३० टक्के एस९, ३० मिनिटं प्रीइन्क्युबेशन (प्लेटवर टाकण्याआधी एकत्र उबवणं), साल्मोनेला जिवाणूचे टीए९८, टीए१००, टीए१५३५, टीए१५३७ आणि ई. कोलायचा डब्ल्यूपी२ युव्हीआरए स्ट्रेन, आणि दोन नायट्रोसामाइन पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून. सॉल्व्हेंट शक्यतो पाणी, सेंद्रिय असेल तर कमीत कमी, कारण तेच एन्झाइम अडवू शकतं.

एवढं करून निगेटिव्ह असेल तर ईएमएच्या (युरोपची औषध नियामक संस्था) नियमाने मर्यादा १.५ मायक्रोग्रॅम होते. 'सोडून द्या' असं तेव्हाही नाही. टेस्ट नीट नसेल तर सीपीसीए (रेणूच्या रचनेवरून धोक्याचा वर्ग ठरवायची पद्धत) काढा: नायट्रोसो नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंच्या कार्बनवर हायड्रोजन किती ते मोजायचं, मग बाकीचे गट बघायचे. रेणूत कार्बॉक्सिलिक आम्ल असेल तर तेवढ्याने वर्ग बराच सौम्य होतो (वर्गाचा आकडा मोठा, तितका धोका कमी). दुसऱ्या वर्गाला १०० नॅनोग्रॅम, तिसऱ्याला ४००, चौथ्या-पाचव्याला १५००.

उत्तर – मदर_लिकर

मर्यादेपेक्षा तुमचा रूट जास्त त्रास देईल. २०१८ मध्ये वल्सार्टनच्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या त्या नेमक्या याच जोडीमुळे. डीएमएफमध्ये डायमिथिलअमाइन असतं, ट्रायइथिलअमाइनमध्ये डायइथिलअमाइन. त्याच भांड्यात आम्ल आणि नायट्राइट गेलं की एनडीएमए आणि एनडीईए तयार. उपाय सोपा आहे: आधी प्रॉडक्ट सेंद्रिय थरात काढून बाजूला करा, मग फक्त पाण्याच्या थरातलं अझाइड नायट्राइटने मारा. रिकव्हर केलेलं डीएमएफ दुसऱ्या प्रॉडक्टला फिरवत असाल तर तेही तपासा, कारण दूषितपणा त्यातूनही पसरतो.

तिसरी शंका: 'सापडलं नाही' म्हणताना एलओक्यू (पद्धत खात्रीने मोजू शकते ती किमान मात्रा) किती होता? मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत आहे असं दाखवून चाचणी काढायची तर एनडीईएला एलओक्यू ०.००३३ पीपीएम हवा, आणि कारणमीमांसाही. ३० टक्क्यांच्या आत असेल तर स्किप टेस्टिंग (प्रत्येक बॅचऐवजी काहीच बॅच तपासणं) मागता येतं.

एनडीएमए मास स्पेकवर (रेणूचं वस्तुमान मोजणारं यंत्र) बघताना डीएमएफ आधी वेगळं काढा. एनडीएमएचा आयन ७५.०५५३, डीएमएफचा नायट्रोजन-१५ वाला ७५.०५७०. कमी रिझोल्यूशनच्या यंत्राला हे एकच दिसतात आणि स्वच्छ बॅच नापास होते.

टेट्राझोल_क्यूए

मग तीन किंवा जास्त इम्प्युरिटींसाठीची ५ मायक्रोग्रॅमची एकूण मर्यादा इथे?

मात्रा_आणि_धोका

ती एम७ मधल्या इम्प्युरिटींच्या वर्ग २ आणि ३ साठी (वरचे सीपीसीएचे वर्ग वेगळे). स्वतःची मर्यादा असलेलं बेन्झाइल क्लोराइड त्यात धरायचं नाही, नायट्रोसामाइनही नाही.