सिंगापूर क्रूझ : आदल्या दिवशी पोहोचायचं की त्याच दिवशी? (बडोद्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-१०४ काका : नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरहून क्रूझला जायचं ठरवतोय. मी, ही, आई, मुलगा, सून आणि नातू, असे सहाजण. एजंट म्हणतो, अहमदाबादहून रात्रीचं थेट विमान घ्या, सकाळी सिंगापूर, दुपारी जहाजावर, हॉटेलचा खर्चच नको. आईचं वय ७८. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. पैसे परवा भरायचे आहेत.

डी-२०३ दादा : काका, अभिनंदन! आजी पण येताहेत हे वाचून फार छान वाटलं.

बी-३०२ काकू : वा! हॉटेलचे पैसे वाचले तर वाईट काय? सहाजणांच्या दोन-तीन खोल्या म्हणजे चांगलीच रक्कम होते.

सी-५०१ वहिनी : काका, पैसे भरायच्या आधी माझं ऐका. आम्ही सिंगापूरला राहिलो आहोत, म्हणून कळकळीने सांगते. त्याच दिवशी पोहोचू नका. एक रात्र हॉटेलची धराच.

ए-१०४ काका : पण वहिनी, एजंटने वेळापत्रक दाखवलं. विमान सकाळी सातच्या सुमारास उतरतं, जहाज संध्याकाळी निघतं. मध्ये आठ-नऊ तास आहेत. विमानतळ ते बंदर अर्धा तास.

सी-५०१ वहिनी : रस्ता अर्ध्या तासाचाच आहे, ते खरं. चांगी विमानतळापासून शहर साधारण २० किमी. खरा प्रश्न अहमदाबादचा आहे. ते थेट विमान रात्रीचं एकच. ते पाच-सहा तास लांबलं तर तुमचे आठ-नऊ तास धावपट्टीवरच संपतात, आणि रद्द झालं तर त्याच रात्री दुसरं थेट विमान नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही. काउंटर सुटायच्या वेळेआधी साधारण तास-दीड तास बंद होतं, नेमकी वेळ तुमच्या बोर्डिंग पासवर असते. चुकलात तर पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने गाठायचं, आणि तेही त्या देशाचा प्रवेश असेल तर. सहाजणांचं क्रूझचं भाडं एका रात्रीच्या हॉटेलपायी पणाला लावू नका.

सी-५०१ वहिनी : आणि आजींचं बघा. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. रात्रभर बसून झोप नाही, उतरून लगेच बंदर, मग चेक-इनची रांग, इमिग्रेशन. जहाजावरचा पहिला दिवस त्यांचा अंथरुणातच जाईल.

डी-२०३ दादा : वहिनींना पूर्ण पाठिंबा. आम्ही मुंबई-गोवा क्रूझ केली तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर आमच्या मागून एक कुटुंब आलं, काउंटर नुकतंच बंद झालेलं. पहाटेचं विमान धुक्यामुळे उशिरा सुटलं होतं. लहान पोर कडेवर, बॅगा भोवती, हात जोडून विनवत होते. आत घेतलं नाही. आम्ही आदल्या रात्रीच्या गाडीने बडोद्याहून गेलो होतो, म्हणून निवांत होतो.

ए-४०२ ताई : दादा, मुंबईच्या क्रूझसाठी आता विमानाने गेलं तरी सोपं झालंय. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू आहे. विमानतळाच्या टी२ किंवा टी१ टर्मिनलला बसलं की थेट सीएसएमटी, भाडं ७० रुपयांच्या आत. पुढे बॅलार्ड पिअर टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. तरी आपल्याला बडोद्याहून गाडीच बरी, इतक्या गाड्या आहेत.

ए-१०४ काका : ठीक आहे, पटतंय. मुलगा म्हणतो मुंबईमार्गे तिकीट स्वस्त आहे. आपल्या हरणी विमानतळाहून मुंबई, तिथून सिंगापूर. अहमदाबादपर्यंत गाडी करायला नको.

सी-५०१ वहिनी : दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तरच. मग बॅगा थेट सिंगापूरला जातात आणि पहिलं विमान लांबलं तर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर बॅगा मुंबईत काढा, परत द्या, आणि टी१ वर उतरलात तर टी२ पर्यंत रस्त्याने जा. आजी व्हीलचेअरवर, नातू पेंगलेला. चार पैसे जास्त गेले तरी अहमदाबादचं थेट विमान घ्या.

बी-३०२ काकू : आणि अहमदाबादला निघताना दिवाळीची गर्दी धरून चाला हो. एक्सप्रेसवे ९३ किमी, दुमाड चोकडीपासून सुसाट जातो, पण अहमदाबादच्या टोकाला सीटीएमला बाहेर पडलं की गाडी मुंगीच्या पावलाने. गेल्या वर्षी आमच्या भाचीला तिथेच तासभर लागला.

सी-५०१ वहिनी : बरोबर. विमान रात्री अकराच्या सुमाराचं धरलं तर साडेपाचला घर सोडा. सहाजण आणि मोठ्या बॅगा एका इनोव्हात मावणार नाहीत, दोन गाड्या किंवा छोटी ट्रॅव्हलर घ्या. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून, ड्रायव्हरला आधीच सांगा. आजींची व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहून घ्या, काउंटरवर ऐन वेळी मागू नका.

ए-१०४ काका : आता हॉटेल कुठे घ्यावं? एजंट म्हणतो लिटल इंडिया, जेवणाची सोय होते.

सी-५०१ वहिनी : त्याआधी एक सांगा. जहाज कुठल्या टर्मिनलवरून सुटतं? तिकिटावर बघून इथे जसंच्या तसं लिहा.

ए-१०४ काका : तिकीट अजून आलं नाही. एजंटच्या कोटेशनवर नुसतं "सिंगापूर पोर्ट" असं आहे.

सी-५०१ वहिनी : इथेच लोक फसतात. सिंगापुरात क्रूझची दोन वेगळी टर्मिनलं आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ मध्ये सुरू झालं, मोठी जहाजं बहुतेक इथूनच सुटतात. पत्ता ६१ मरीना कोस्टल ड्राइव्ह. दुसरं सिंगापूर क्रूझ सेंटर, हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलला लागून, सेंटोसासमोर. पत्ता १ मॅरिटाइम स्क्वेअर. दोन्हींच्या नावात क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ सेंटर" म्हटलं तर तो कुठेही नेईल. तिसरं एक तनाह मेराह फेरी टर्मिनल आहे, विमानतळाजवळ, पण तिथून बिंतानच्या फेरी सुटतात, तुमचा संबंध नाही. एजंटकडून टर्मिनलचं पूर्ण नाव लेखी घ्या.

डी-२०३ दादा : मरीना बे म्हणजे ते तीन मनोऱ्यांचं हॉटेल, तेच ना?

सी-५०१ वहिनी : नाही, आणि हाच दुसरा घोळ. ते मरीना बे सँड्स. मरीना बे नावाचं एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनही वेगळं. क्रूझ सेंटरला जवळचं स्टेशन त्याच्या पुढचं, मरीना साउथ पिअर, लाल लाइनचं शेवटचं. तिथे बाहेर पडलं की समोर छोटा धक्का दिसतो, कुसू आणि सेंट जॉन्स बेटांच्या बोटी सुटतात तो. तोही तुमचा नाही. तुम्हाला पुढे चालत जायचंय. टॅक्सीने जाणार असाल तर पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या. फोनची बॅटरी ऐन वेळी दगा देते.

ए-१०४ काका : एजंटला फोन केला. मरीना बे क्रूझ सेंटर. कन्फर्म, मेसेजवर लिहून दिलंय.

सी-५०१ वहिनी : उत्तम. मग लिटल इंडिया चालेल, पण आजी बरोबर असताना मेट्रोने बंदरावर जायचा विचार सोडा. लिटल इंडियाहून जांभळ्या लाइनने एकच स्टेशन पुढे धोबी घाट, तिथे लाल लाइन बदलायची. नकाशावर बोटभर अंतर, प्रत्यक्षात धोबी घाट स्टेशनात चालणं आणि सरकते जिने बरेच. मोठ्या बॅगा घेऊन नको. (हार्बरफ्रंट असतं तर वेगळं सांगितलं असतं, जांभळी लाइन लिटल इंडियाहून सरळ तिथेच जाते.)

बी-३०२ काकू : तिथे शुद्ध शाकाहारी मिळेल ना? आजींना कांदा-लसूणही चालत नाही एकादशीला.

सी-५०१ वहिनी : काकू, सेरंगून रोडवर दक्षिणेकडची शाकाहारी हॉटेलं ओळीने आहेत. कोमला विलास १९४७ पासून तिथे आहे. आजींना गरम इडली, दहीभात मिळेल, त्या काळजीत राहू नका. जहाजावर जैन जेवण पाहिजे असेल तर मात्र आत्ताच कंपनीला कळवा.

ए-१०४ सून : वहिनी, मी पण वाचतेय. विमानतळावरून हॉटेलला आम्ही सहाजण कसं जायचं? ॲपवरून मोठी गाडी बोलावू का?

सी-५०१ वहिनी : छोटू किती उंच आहे गं?

ए-१०४ सून : सहा वर्षांचा. ११५ सेंटिमीटर असेल.

सी-५०१ वहिनी : मग ॲपवाल्या खाजगी गाडीत त्याच्यासाठी बूस्टर सीट लागेल, १३५ सेंटिमीटरच्या खाली असलेल्या मुलांना तिथे ते सक्तीचं आहे. मीटरच्या टॅक्सीला ही अट नाही. म्हणून उतरल्यावर बाहेर टॅक्सी स्टँडच्या रांगेत सरळ उभे राहा. साध्या टॅक्सीत चारजण बसतात. सहा सीटची मोठी टॅक्सी मिळाली तरी सहाजणांच्या बॅगा तिच्यात बसणार नाहीत, म्हणून दोन टॅक्सी. एका टॅक्सीत तू आणि एकात तुझा नवरा, म्हणजे प्रत्येक गाडीत चालू फोन आणि पत्त्याचा कागद राहील. मोठी माणसं एकटी एका गाडीत नकोत. मीटरवर विमानतळाचा अधिभार आणि सकाळच्या गर्दीच्या वेळचा अधिभार येतो, तो नियमाचाच आहे, वाद घालू नका.

ए-१०४ सून : पण आदल्या दिवशी सकाळी सातला उतरलो तर खोली कुठे मिळणार? हॉटेलवाले दुपारी तीन म्हणतात.

सी-५०१ वहिनी : हा प्रश्न विचारलास ते फार बरं झालं. आजींच्या खोलीसाठी लवकर चेक-इन बुकिंगच्या वेळीच मागून घे, पैसे पडले तरी दे. तुमच्या खोल्या दुपारी मिळाल्या तरी चालेल, बॅगा हॉटेलात ठेवू देतात. लवकर खोली मिळालीच नाही तर विमानतळावरच रेंगाळा. चांगीला ज्युएल आहे, २०१९ मध्ये उघडलं, आत ४० मीटर उंचीचा धबधबा. टर्मिनल २ आणि ३ वरून पुलाने जाता येतं, व्हीलचेअर सगळीकडे जाते. छोटू हलणार नाही तिथून.

ए-४०२ ताई : व्हिसाचं पण सांगा ना वहिनी.

सी-५०१ वहिनी : हो. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही तिथे दोनदा प्रवेश करता. व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे हातात आल्यावर वाचून बघा. एसजी अरायव्हल कार्डही (सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म) दोनदा, विमानाने उतरताना एक आणि क्रूझहून परतताना एक. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या ठिकाणी आलात. जहाज मलेशियात किंवा थायलंडला थांबणार असेल तर तिथले नियम क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

बी-३०२ काकू : औषधं?

सी-५०१ वहिनी : सगळी हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या काही गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला तिथे आधी परवानगी लागू शकते, म्हणून आजींच्या गोळ्यांची नावं तपासून घ्या. आणि काका, रागावू नका, पण मावा खिशातसुद्धा नको. खायचा तंबाखू आणि गुटखा सिंगापुरात बंद आहे. ई-सिगारेटही.

ए-१०४ काका : रागावतो कशाला. मुलासमोर लिहिलंत ते बरं केलंत.

डी-२०३ दादा : बॅगांबद्दल मी सांगतो. टर्मिनलवर पोचल्या पोचल्या मोठ्या बॅगा पोर्टर घेतात आणि त्या खोलीवर कधीकधी संध्याकाळी येतात. एक बाई पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून बसल्या होत्या, बॅग शोधून काढेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. पासपोर्ट, औषधं, छोटूचे एक जोड कपडे आणि चार्जर जवळच्या पिशवीत. बॅगेला लावायचा टॅग ऑनलाइन चेक-इननंतर येतो, तो घरीच प्रिंट करा. घड्या घालून पट्टी करायची, हँडलभोवती गुंडाळून दोन टाचण्या मारायच्या, वरून रुंद सेलोटेप. नोव्हेंबरात तिथे पाऊस असतो, नुसता कागद भिजून गळून पडतो.

बी-३०२ काकू : लीलो चेवडो (आपला ओला चिवडा) नेऊ देतील का हो?

सी-५०१ वहिनी : सीलबंद पाकीट असेल तर अडचण येऊ नये. घरचं डब्यातलं मात्र जहाजावर चढवू देत नाहीत. इस्त्री आणि किटलीसुद्धा ठेवून घेतात.

ए-१०४ काका : मंडळी, घरात बसून ठरवलं. अहमदाबादहून थेट विमान, एक दिवस आधी. एजंट थोडा नाराज झाला, पण तिकीट बदलून देतोय.

ए-१०४ सून : वहिनी, शेवटचं एक. परत येताना जहाज सकाळी लागतं. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान घेतलं तर चालेल ना, की तिथेही हॉटेल?

सी-५०१ वहिनी : तिथे हॉटेल नको. जहाज सकाळी लागलं तरी सहाजण, बॅगा, इमिग्रेशन धरून बाहेर पडायला दुपार होऊ शकते, म्हणून दुपारच्या आतलं विमान घेऊ नकोस. संध्याकाळचं योग्य. टर्मिनलवरून दोन टॅक्सी करून सरळ चांगी, बॅगा तिथल्या लगेज स्टोअरमध्ये ठेवा. आणि अहमदाबादला रात्री उतरल्यावर घ्यायला येणाऱ्या ड्रायव्हरचं भाडं जातानाच ठरवून ठेवा.

ए-१०४ सून : ठेवते. हॉटेलची दोन नावं आज रात्री तुम्हाला वेगळी पाठवते, आजींच्या खोलीच्या बाथरूममध्ये पायरी आहे का तेवढं फोटोत बघून सांगाल?

सी-५०१ वहिनी : पाठव, दहापर्यंत जागी आहे.