मुलांचा योग म्हणजे २१ जूनचा फोटो का?

साखळीची_सून:
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं होतं की शाळेत रोज पाऊण तास योग सक्तीचा करा, मोबाईल सुटेल, मार्क वाढतील, पोरं वळणावर येतील. तिथेच दोन ओळी लिहिणार होते पण राग काही मावेना, म्हणून हा धागा.

माझी लेक तिसरीत. गेल्या २१ जूनला शाळेच्या हॉलमध्ये योग दिवस. २०१४ त युनोने हा दिवस ठरवला, वर्षातला मोठ्यात मोठा दिवस म्हणून, मान्य, पण आमच्याकडे गोव्यात तो ऐन पावसात येतो ना! पत्र्यावर असा आवाज की बाईंचा माईक ऐकू येईना, मुलं ओल्या मोज्यांनी सतरंजीवर. शवासन सांगितलं तर ही खरंच झोपली. आणि फोटोची वेळ झाली तेव्हा सगळी ताठ बसलेली, ही आडवी. ओरडा बसला. घरी येऊन म्हणते, आई मी योगात नापास झाले.

हीच पोर पावसाळ्यात रात्री लाईट गेली आणि गडगडायला लागलं की कानात बोटं घालून भ्रामरी करते. आजीने शिकवलीय. धाकटा तिच्या गळ्याला गाल लावून बसतो कारण तिथे थरथर लागते, मग तोही हूंऽऽ करतो, आणि पाचेक मिनिटांत दोघं गप्प. माझ्या मते मुलांचा योग एवढाच. ते वळण-बिळण तुमच्याकडेच ठेवा.

शिट्टीवाले_सर:
ती पोस्ट माझीच होती बाय, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. ३१ वर्षं पीटी शिकवली. मुलाला आवडेल तेच करायचं तर पाढेही नकोत. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळ्यातून गेलेले, १९३४ साली पंधराव्या वर्षी मैसूरला मेहुण्याकडे योग शिकले आणि जगाला शिकवलं. अंथरुणात हूं हूं करून नाही. माझ्याकडे दम्याचा एक मुलगा होता, सहावीत जिना चढताना थांबायचा, दहावीपर्यंत रोज नियमाने करून घेतलं, फुटबॉल खेळायला लागला.

डिचोलीकर७६:
सर, त्या मेहुण्याने म्हणजे कृष्णमाचार्यांनी किती कडकपणे वागवलं तेही अय्यंगारांनीच सांगितलंय, तेवढं बरं गाळलंत. आणि दमा वय वाढेल तसा कित्येक मुलांचा आपोआपही कमी होतो. औषध चालू होतं का त्याचं?

शिट्टीवाले_सर:
होतं. म्हणून काय झालं? तुम्ही डॉक्टर का?

मांद्र्याचो_भुरगो:
आमच्या मांद्रे-हरमलात या, पोरांना विचारा योग काय. म्हणतील, फॉरेनर झोपडीत करतात तो, पैसे भरून. माझी आई सीझनमध्ये तिथल्या मॅट पुसायची, मी शाळेतून येऊन मदतीला जायचो, पण एकदाही कुणी बस म्हटलं नाही. शाळेत ताडासन शिकवलं तेव्हा घरी आईला करून दाखवलं, ती हसली, म्हणाली हे मला येतं, रोज बघते. ती सीझनभर बघून बघून शिकलेली.

हळदोण्याची_आत्या:
तुम्ही सगळे पोट भरून लिहिताय. योग उपाशीपोटी करायचा म्हणतात, पण बालरथ, म्हणजे शाळेची बस, पहाटे दाराशी, पोर चहा-बिस्किटावर निघतं. माझा भाचा सूर्यनमस्काराला घेरी येऊन पडला, गुडघा फुटला, वर त्यालाच विचारलं नीट का जेवत नाहीस. आधी खायला द्या! मधल्या सुट्टीत काय तर भाजी-पाव, तोही मैद्याचा, थंडगार.

शिट्टीवाले_सर:
घेरी आली कारण आया पेज द्यायच्या बंद झाल्या. उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड खाऊन आम्ही मैदानं मारली. पावाने पिढी बिघडवली.

हळदोण्याची_आत्या:
आया?? मी सहाला कामावर निघते, पेज कोण शिजवणार, तुम्ही? आणि पावाला नावं ठेवू नका, आमच्याकडे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोंपों ऐकली की म्हातारं माणूसही उठतं. पोई द्या मुलांना, तो कोंड्याचा पाव, काय वाईट आहे?

डिचोलीकर७६:
आता पोईत कोंडा वरून भुरभुरलेलाच जास्त. आणि पूर्वी सूर, म्हणजे माडाची ताडी, घालून पीठ आंबवायचे, आता सगळं यीस्ट. उंडे, ते गोल पाव, तेसुद्धा चव नसलेले.

शिट्टीवाले_सर:
चव गेली ते खरं.

एक_त्रस्त_बाबा:
पावावरून उठा जरा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने योगासनांना खेळ म्हणून मान्यता दिली, २०२३ ला नॅशनल गेम्स इथेच झाले, त्यातही योगासन होतं, मला केवढा अभिमान. मुलीला क्लासला घातलं. अकरा वर्षांची पोर, मागे वाकून पाय डोक्याला लावते, लोक टाळ्या वाजवतात, आणि रात्री कंबर धरून रडते. क्लासमध्ये सांगितलं तर म्हणाले स्ट्रेच वाढवा. पतंजली तर म्हणतात स्थिरसुखमासनम्, यातलं सुख कुठे गेलं? शेवटी काढलं तिला. सर, सक्तीबद्दल याच्यापुढे बोला.

शिट्टीवाले_सर:
कंबर दुखते म्हटल्यावर थांबवलंच पाहिजे, त्यात वादच नाही. असले मास्तर आमच्या वेळी टिकले नसते. लहान मुलांना शीर्षासन आणि श्वास कोंडून धरणं मी कधी दिलं नाही, मान कोवळी असते. पण दोन मास्तर गाढव निघाले म्हणून विषयच बंद करायचा का?

साखळीची_सून:
बंद कुणी म्हटलं सर? रोज दहा मिनिटं ठेवा, मांजर करा, बेडूक करा, झाड करा, पडले तर हसू द्या, झोपले तर झोपू द्या. फोटो नको, मार्क नकोत. एवढंच म्हणतेय पहिल्यापासून, पण तुम्ही पेजेत शिरलात.

शिट्टीवाले_सर:
दहा मिनिटांत घामही येत नाही. बरं, पहिली ते चौथी दहा, जा. पाचवीपासून मात्र पाऊण तास, तिथे ऐकणार नाही. आणि त्या भ्रामरीत ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायला सांग पोरीला, दात आवळले की जबडा दुखतो. धाकट्यालाही.

साखळीची_सून:
सांगते. (ती आधीपासून तसंच करते, आजीची शिकवण.)

हळदोण्याची_आत्या:
खऱ्या कोंड्याची पोई कुठे मिळते ते कुणी सांगणार आहे का?