जि. प. शाळेच्या नव्या खोल्या : पुढच्या पाच-सात वर्षांचा पट कसा काढायचा?

नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. नव्या इमारतीचा प्रस्ताव करायचाय, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्या एकाच ग्रामपंचायतीत दोन उलट गोष्टी चालू आहेत. रस्त्याकडेला कंपन्यांमुळे चाळी वाढल्या. मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबं भाड्यानं राहायला आली आणि गावठाणातल्या शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, १४० वर गेला. खोल्या चार, त्यातली एक निर्लेखनाला, म्हणजे वापरातून काढून पाडायला, पाठवलेली. तिसरीचा वर्ग व्हरांड्यात बसतो. पाऊस तिरपा आला की मुलं दप्तरं पोटाशी धरून आत सरकतात. डोंगरावरच्या दोन वाड्यांत मात्र इमारती धड आहेत आणि पट ११ अन् ६.

पंचायतीत काहींचं म्हणणं, वाड्यांच्या शाळा खाली आणा आणि सगळ्यांची मिळून एकच मोठी बांधा. पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण देतात. शासनानंही सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव मागवले होते. पण वरची वाडी साडेतीन किलोमीटरवर आहे, मध्ये ओढा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. वाहन मिळेल असं तोंडी सांगतात, लेखी कुणी देत नाही. सहा वर्षांची पोर रोज त्या वाटेनं जाईल, हे मला पटत नाही. आणि एकदा बंद झालेली शाळा पुन्हा उघडलेली मी आमच्या भागात पाहिलेली नाही.

मी अडले आहे ती आकड्यांवर. अंदाज मागतात, पण तो कशावरून करायचा? ग्रामपंचायतीची जन्मनोंद उपयोगाची नाही, कारण जन्म जिथं होतो तिथं नोंदला जातो. आमच्या बायकांची बाळंतपणं माहेरी नाहीतर शहरातल्या दवाखान्यात. अंगणवाडीची यादी आहे, पण भाडेकरू कुटुंबं करार संपला की दुसरीकडे जातात. काही मुलं दिवाळीनंतर येतात, काहींचं आधार कार्ड जुळत नाही. म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, शाळेला किती शिक्षक ते ठरतं, तेव्हा ती मोजलीच जात नाहीत, वर्गात मात्र बसलेली असतात. शिवाय आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवी जोडली तर पट आणखी वाढणार. उलट इंग्रजी शाळांच्या गाड्या गावात आल्या आहेत, त्यानं तो घटूही शकतो.

कुणी असा अंदाज केला आहे का? आणि वाड्यांचं काय करावं?

प्रतिसाद १

ताई, मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. एकूण पट बाजूला ठेवा. मागच्या पाच वर्षांचा वर्गवार पट यू-डायसमधून (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीतून) किंवा हजेरीपटावरून काढा. यंदा पहिलीत ३० होती आणि पुढच्या वर्षी दुसरीत ३३ झाली, तर तुमच्याकडे मुलं वाढताहेत, २७ झाली तर गळताहेत. प्रत्येक वर्गाचं हे प्रमाण काढून सरासरी घ्या. अंगणवाडीतून पहिलीत किती येतात तेही तसंच. मग आजची अंगणवाडी त्या प्रमाणानं वर सरकवत न्या. तीन-चार वर्षांपर्यंत हा अंदाज बरा येतो. त्यापुढे चाळींचं बांधकाम किती चाललंय ते पाहून कमी-जास्त असे दोन आकडे द्या. एकच आकडा ठामपणे देऊ नका.

खोल्यांचं गणित सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार १२१ ते २०० पटाला पाच शिक्षक, १५० च्या वर मुख्याध्यापक वेगळा. दर शिक्षकामागे किमान एक खोली, शिवाय कार्यालय. म्हणजे आजच पाच खोल्यांचा हक्क आहे. पाया दोन मजल्यांचा मागा आणि सध्या खालचा मजलाच बांधा. पट वाढला तर वर चढवता येईल.

वाड्यांचा विषय या ठरावात अजिबात मिसळू नका. गावठाणाच्या खोल्यांची गरज वाड्यांच्या मुलांशिवायही सिद्ध होते. एका ठरावात दोन्ही घातलं की खोल्या मिळवायच्या म्हणून वाड्या सोडून द्याव्या लागतात.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. दोन ठराव वेगळे करायचं सुचलंच नव्हतं. पाच वर्षांचे हजेरीपट शाळेत आहेत, या आठवड्यात मुख्याध्यापकांसोबत बसून काढते. दिवाळीनंतर आलेली मुलं मोजताना ३० सप्टेंबरचा पट धरू की फेब्रुवारीचा?

प्रतिसाद १

दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवा. मधला फरक दरवर्षी दिसत असेल तर तो ठरावात आकड्यानिशी लिहा आणि मुलांची वर्गवार यादी सोबत जोडा. वाडीच्या पालकांच्या सह्यांचं निवेदनही स्वतंत्र घ्या, ग्रामसभेत वाचायला लावा आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.