मदत हवी आहे: सिमेंटचा थर कॅनव्हासवर टिकत नाही

नमस्कार मंडळी. पडायला आलेल्या उंच सरकारी वसाहतींवर मी चित्रमालिका करतेय. पाच चित्रं झाली, सहाव्यापाशी अडलेय.

लंडनमधले टॉवर ब्लॉक रंगवताना ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हेफर यांनी कॅनव्हासवर चक्क काँक्रीट वापरलंय. ते पाहून मीही ॲक्रिलिक माध्यमात चाळलेलं सिमेंट कालवून थर दिला. दिसत झकास होतं: खिडकीखाली गंजाचा ओघळ, कडेला लोणा लागलेली पांढरट भिंत. आठ दिवसांनी बोट लागलं आणि तळहाताएवढा पोपडा खाली आला. आता कॅनव्हास सोडून प्लायवर जाऊ का? की सिमेंटऐवजी मार्बल पावडर घेऊ? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर थराची जाडी, प्रमाण, सगळं सांगा.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. ब्रिटिश कलाकार रॉजर हायर्न्स यांनी २००८ मध्ये लंडनमधल्या पाडायला ठरवलेल्या इमारतीतल्या एका घरात मोरचुदाचं द्रावण भरलं, तब्बल ७५,००० लिटर. भिंती, छत, बाथटबसुद्धा निळ्या स्फटिकांनी मढले. विलक्षण काम, पण ते घर रिकामं होतं. माझ्या इमारतींत माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळतात. पडझड फार देखणी झाली की त्यांचे हाल नुसती सजावट ठरतात, असं मला मनापासून वाटतं. माणसं थेट रंगवावीत, की उजेड असलेली एखादी खिडकी पुरेल? तुम्ही काय केलंत? चित्रं दाखवलीत तर फारच बरं.