मोकळी जागा 'अनयुजेबल' दाखवतेय, उबुंटू कुठे टाकू?

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ६० जीबी मोकळी केली पण उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉलर तिला अनयुजेबल (वापरता न येणारी) म्हणतोय, नवीन पार्टिशन करायचं प्लसचं बटणच दाबता येत नाही, काय करू?

उत्तर १: डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) आहे का बघ. त्यात प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) चारच होतात, सिस्टम रिझर्व्हड, सी, डी आणि रिकव्हरी धरून भरली असणार.

प्रश्नकर्ता: हो दादा, चारच आहेत. विंडोजमध्ये नवीन करायला गेलो तर डिस्क डायनॅमिक (विंडोजची स्वतःची वेगळी पार्टिशन पद्धत) करू का विचारतंय.

उत्तर २: अजिबात हो म्हणू नकोस!! मग लिनक्स टाकायला जाम त्रास होतो. आधी डीचा बॅकअप एक्स्टर्नलवर घे, दोनचार फाइल उघडून बघ, मग डी उडव म्हणजे चारातलं एक कमी होईल, आणि इन्स्टॉलरमध्ये नवीन पार्टिशनला लॉजिकल निवड, ते ज्याच्या आत बसतं ते एक्स्टेंडेड पार्टिशन आपोआप बनतं. लिनक्स लॉजिकलवर मस्त चालतं.