रडारचित्रावरून वस्तू किती वेगाने फिरते हे खरंच कळतं का?

खाडीकाठी (वाशी): परवा ठाण्यात एका व्याख्यानात ऐकलं की, फिरत्या वस्तूचं रडारचित्र काढलं की तिचा आकारही कळतो आणि फिरण्याचा वेगही. मला पटलेलं नाही. जत्रेतला आकाशपाळणा घ्या. रडारला दिसतं इतकंच, की एक कड जवळ येतेय, दुसरी लांब जातेय. छोटा पाळणा भरभर फिरला काय आणि मोठा सावकाश फिरला काय, कडेचा डॉप्लर, म्हणजे वेगामुळे परत आलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक, तोच. वेग ठाऊक असेल तर आकार, आकार ठाऊक असेल तर वेग. एका समीकरणात दोन अज्ञातं!

घोडबंदरकर: पाळणा गोल असतो हो. समोरून मागपर्यंतचं अंतर रडार थेट मीटरमध्ये मोजतं. १५० मेगाहर्ट्झ बँडविड्थ (रडारच्या लहरींच्या वारंवारतेचा पट्टा) असली तर १ मीटरपर्यंतचा बारकावा दिसतो. व्यास मिळाला, झालं की काम. १९६५ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या रडारने बुधाचं परिवलन आधी समजत होते तसं ८८ नव्हे, साधारण ५९ दिवसांचं असल्याचं दाखवलं ना?

खाडीकाठी: बुधाची त्रिज्या आधीच माहीत होती! जहाज गोल असतं का?

ऐरोली_सिग्नल: गोल नसलं तरी चालतं. फिरताना प्रत्येक बिंदूचा डॉप्लर सरकत जातो. तो किती सरकेल हे त्या बिंदूच्या दृष्टिरेषेवरच्या अंतरावर आणि कोनीय वेगाच्या (सेकंदाला किती अंशांतून फिरतं त्याच्या) वर्गावर ठरतं. अंतर मीटरमध्ये हातात आहेच. मग अंतर आणि डॉप्लरचं सरकणं यांचा आलेख काढा, चढावरून वेग काढा. सेकंदाला १ अंश फिरणारं जहाज, तरंगलांबी ३ सेंमी, दोन बिंदूंत १०० मीटर: फरक सेकंदाला सुमारे २ हर्ट्झ. २ सेकंदांत ४ हर्ट्झ, आणि तेवढ्या वेळात अर्ध्या हर्ट्झचा फरक ओळखता येतो. आरामात.

खाडीकाठी: आणि दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली ६ मीटरची होडी? तुमच्याच हिशेबाने २ सेकंदांत पाव हर्ट्झ. बुडालं गणित. शिवाय वर्गातून चिन्ह निघत नाही. डावीकडे फिरतेय की उजवीकडे, कोण सांगणार? चित्र आरशातलं असू शकतं.

ऐरोली_सिग्नल: चिन्हाचं मान्य. होडीसाठी जास्त वेळ बघा.

खाडीकाठी: तेवढ्या वेळात लाट होडीला उलटी झुकवते, वेग एकसारखा राहतच नाही. वक्त्याने ‘मोठं जहाज’ म्हणायला हवं होतं. तो ‘वस्तू’ म्हणाला.

घोडबंदरकर: म्हणजे भांडण शब्दाचं होतं होय! मी उगीच बुधापर्यंत गेलो.