शॉकअप 'बसला' म्हणजे लागला की गेला?

निपाणीकर : गॅरेजातून फोन येतो, "पुढचा डावा शॉकअप बसलाय बघा." शॉकअप म्हणजे गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर. यातून काय समजायचं, काम झालं की शॉकअप गेला? आपल्या भागात हे वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं. त्यात गाडी लो केलेली, म्हणजे तिची उंची मुद्दाम कमी केलेली असली की तिलाही 'बसवलेली गाडी' म्हणतात. नेमका शब्द कोणता?

शहापूरकर : घडी बसली, झाकण बसलं, सवय बसली, यात वस्तू आपल्या जागी स्थिरावते. घसा बसला, धंदा बसला, पावसात भिंत बसली, यात ती खाली जाते. 'बसवला' म्हटलं की मात्र बहुतेक वेळा शंका उरत नाही, लावलाच. 'बसवलेली गाडी' हा त्याला अपवाद, कारण तिथे मुद्दाम खाली नेलेली असते. शेजारच्या कन्नडात गणपती 'कूडिसतात', पण खचण्याला 'कुसि' हा वेगळा धातू आहे. आपल्याकडेही 'खचणे' आहेच, गॅरेजात तो वापरायला हवा.

उद्यमबाग : बिघाडाच्या अर्थी 'शॉकअप बसला' हे मुळातच चूक आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिची उसळी शमवतो. म्हणजे बसते ती स्प्रिंग. शॉकअप गळतो किंवा मरतो. फरक टेपनं कळतो. सपाट जागेवर, टायरची हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू खाली असेल तर आधी स्प्रिंगवर संशय घ्या. मापं सारखी आहेत, पण शॉकअपच्या अंगावरून ऑइल ओघळलंय आणि खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलते, तर शॉकअप गेला. शॉकअपमधून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडच्या सीलपाशी, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरापाशी, नुसता ओलसर थर असला तर घाई नको. बदलताना मात्र पुढची जोडीच बदलावी.

खानापूरकर : लो गाडीत 'बसणे'चा आणखी एक अर्थ फार महत्त्वाचा. स्प्रिंगच्या खालच्या वाटीला पायरी असते, तिला स्प्रिंगचं टोक टेकलं की 'स्प्रिंग बसली'. लो स्प्रिंग आखूड असते. ती जुन्या लांब रॉडच्या शॉकअपवर घातली, तर चाक लोंबकळताच वाटीत सैल होते, फिरते, आणि चाक टेकलं की पायरी सोडून वाकडी बसते. वळताना कट-कट आवाज येतो तो बऱ्याचदा याचाच. म्हणून लो स्प्रिंगला आखूड रॉडचाच शॉकअप हवा. बंप स्टॉपर, म्हणजे रॉडवरचा रबरी ठोकळा, काढून टाकणं तर सगळ्यात घातक. चोर्ला घाटाच्या वाटेवर एक मोठा खड्डा लागला की रॉड तळाला आपटतो आणि आतला व्हॉल्व्ह जातो. स्टॉपर कापायचाच झाला, तर स्प्रिंगसोबत आलेल्या कागदावर जेवढं माप दिलंय तेवढाच.

निपाणीकर : आणि 'धरवणे', 'आवळणे' एकच का?

उद्यमबाग : मुळीच नाही. धरवणे म्हणजे हातानं दोन-तीन आटे चढवणे. शॉकअपला वर बॉडीशी धरणारे नट आणि खाली नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचे) दोन्ही बोल्ट आधी धरवायचे, मग आवळायचे. थेट नट आवळायची गन लावली तर तिरके आटे चढतात. वरचे एम ८ चे नट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरलाच (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळले जातात, नकलच्या बोल्टांना त्याच्या कितीतरी पट लागतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. रॉडच्या टोकावरचा मधला मोठा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) लावल्याशिवाय कधीच सोडू नका, दाबलेली स्प्रिंग जिवावर बेतते. कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावायचे आणि आळीपाळीनं थोडे-थोडे फिरवायचे. बसवताना मधला नट नवा घ्या. रॉड ॲलन पान्यानं धरा. चमकत्या रॉडला पकड लावली की ओरखडा पडतो, आणि तोच ओरखडा सील फाडतो.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट सोडले असतील तर ते गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. चाक लोंबकळताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लो गाडीत हा पीळ नेहमीपेक्षा जास्त.

शहापूरकर : मग जॉबकार्डवर असं चालेल? 'डावी स्प्रिंग खचली. दोन्ही स्प्रिंगा व शॉकअप नवे बसवले. बुशबोल्ट गाडी खाली घेऊन आवळले. चाकांची अलाइनमेंट बाकी.'

खानापूरकर : चालेल. पण ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची) वायर क्लिपमध्ये परत बसवली, हेही लिहा. लो गाडीत चाक वळवलं की ते टायरला घासतात. आणि नकलच्या वरच्या बोल्टाला कॅम (चाकाचा कोन बदलणारी चकती) असेल तर सोडण्याआधीच रंगानं खूण करा. गाडी खाली गेली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, तेव्हा ती खूण शेवटची जागा नव्हे, अलाइनमेंटपर्यंत गाडी नेण्यापुरती.